‘ताई, मला झाला असेल का हो?’

दुपारची जेवणे आटोपली होती. ओटा पुसून मी शाळेचे पेपर तपासायला बसणार, एवढ्यात दारावरची बेल वाजली. शेजारच्या ब्लॉकमधली मुलगी उभी होती. मुलगी म्हणजे दोन लेकरांची आई, पण माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, म्हणून मला ती मुलगीच वाटते. हातात रिकामी वाटी.

“ताई, विरजण आहे का हो?”

विरजण मागायला आलेली बाई आत येऊन दाराला कडी घालत नाही. हिने घातली. आणि वाटी हातात तशीच धरून ती मटकन खाली बसली. पाच-दहा मिनिटे नुसती रडत होती. मग एकदम म्हणाली, “ताई, मला झाला असेल का हो? एड्स?”

मैत्रिणींनो, खरे सांगते, क्षणभर माझ्याच जिवाचे पाणी पाणी झाले. मी बी. ए. झालेली, शाळेत अर्धवेळ शिकवणारी बाई. आठवी-नववीच्या मुलींना मासिक पाळीचा धडा न लाजता शिकवते अशी माझी ख्याती. पण त्या एका शब्दापुढे माझीही जीभ टाळ्याला चिकटली. सावरल्यावर तिच्याकडून हळूहळू सगळे काढून घेतले.

तिचे यजमान कंपनीच्या कामासाठी बाहेरगावी गेले होते. काम झाल्यावर बरोबरच्या मंडळींबरोबर पिणे झाले आणि त्यानंतर ते एका बाईकडे जाऊन आले. निरोध वगैरे काही वापरला नाही. घरी आल्यावर गप्प राहिले. बाराव्या दिवशी लघवीला जळजळ सुरू झाली तेव्हा ते घाबरले आणि रात्री हिच्यापुढे सगळे ओकले. आदल्याच रात्री दोघांचा संबंध आला होता. त्यानंतर चार दिवस ही रडत होती आणि ते मेडिकलवाल्याकडून आणलेल्या गोळ्या गिळत होते. पाचव्या दिवशी दुपारी ती वाटी घेऊन माझ्याकडे आली.

तिच्याच परवानगीने हे लिहीत आहे. “माझं नाव नका घालू, पण लिहा. मला चार दिवस कोणी सांगणारं भेटलं नाही, दुसरीला तरी भेटू दे,” असे ती म्हणाली.

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे एच.आय.व्ही.ची तपासणी आणि सल्ला देणारे केंद्र असते, त्याला ‘आय.सी.टी.सी.’ म्हणतात. यजमानांनाही रजा टाकायला लावून आणले होते. ते बिचारे खांबाआड उभे होते. बाकावर मी तिच्याशेजारी बसले आणि समोरून माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई आली! मला आधी तोंड लपवावेसे वाटले. मग मनात म्हटले, तपासणीला येण्यात लाज वाटण्यासारखे काय आहे? ती बाई ओळखीचे हसली, मीही हसले. ती कशासाठी आली होती हे मी विचारले नाही, तिनेही मला विचारले नाही.

आत समुपदेशक बाई होत्या. वयाने तिशीच्या आतल्या, पण काय शांतपणे बोलत होत्या! त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “शेवटचा संबंध कोणत्या तारखेचा?” रागावल्या नाहीत, उपदेश केला नाही. तारखा कागदावर लिहिल्या आणि दिवस मोजले. त्या दिवशी मी जे शिकले ते एवढेच, की या बाबतीत धसका घेऊन काही होत नाही. दिवस मोजावे लागतात. कोणत्या दिवशी काय करायचे ते ठरलेले आहे. तेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

पहिले बहात्तर तास

एच.आय.व्ही.चा विषाणू अंगात शिरल्यावर लगेच सगळीकडे पसरत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याचे बस्तान बसायचे असते. तेवढ्या अवधीत औषध सुरू केले तर बहुतेक वेळा त्याला रोखता येते. या औषधांना इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पेप’ म्हणतात. ती जितक्या लवकर सुरू कराल तितकी चांगली. शक्य तर काही तासांतच. बहात्तर तास, म्हणजे तीन दिवस उलटले की ती देण्यात अर्थ राहत नाही. एकदा सुरू केली की अठ्ठावीस दिवस रोज, एकही दिवस न चुकवता घ्यावी लागतात.

दवाखान्यात काम करताना सुई टोचलेल्या नर्सबाईंना आणि डॉक्टरांना ही औषधे देतात. जिच्यावर बलात्कार झाला आहे अशा स्त्रीलाही ती दिली जातात, आणि तिच्यावर तातडीने मोफत उपचार करणे हे सरकारी काय किंवा खाजगी काय, प्रत्येक रुग्णालयावर कायद्याने बंधनकारक आहे. इतर प्रसंगी औषध द्यायचे की नाही हे धोका पाहून डॉक्टर ठरवतात. म्हणून निरोध फाटला असेल, नवऱ्याने काही कबूल केले असेल, जोडीदाराला लागण असल्याचे अचानक कळले असेल, तर त्याच दिवशी ए.आर.टी. केंद्रातल्या किंवा ओळखीच्या फिजिशियनना विचारा. रविवार असला तर मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. मेडिकलच्या दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणू नका.

माझ्या शेजारणीचे पाहा. यजमानांनी कबुली दिली त्या रात्री शेवटच्या संबंधाला एकच दिवस झाला होता. “तेव्हाच आला असतात तर तुमच्यासाठी या औषधाचा विचार करता आला असता,” असे डॉक्टर म्हणाले. ती आली तोवर सहावा दिवस उजाडला होता. म्हणजे जे तीन दिवस कामाचे होते, ते रडण्यात गेले. तिला दोष देत नाही मी. आपल्यापैकी कितीजणींना हे ठाऊक होते? मलाही नव्हते.

आणखी एक गोष्ट तिने केली होती. कबुली ऐकल्यावर न्हाणीघरात जाऊन जंतुनाशक औषधाच्या पाण्याने आतून धुऊन काढले होते. मैत्रिणींनो, हे कधीही करू नका. त्याने विषाणू धुतला जात नाही. उलट आतली नाजूक त्वचा सोलवटते आणि त्याला आत शिरायला वाट मिळते. लिंबू, मीठ, डेटॉल, काहीही नको. बाहेरून साध्या पाण्याने स्वच्छता केलीत की पुरे.

धोका असतो तरी किती?

“एकदाच तर झालं,” असे नवरे म्हणतात. “आता संपलंच सगळं,” असे बायका म्हणतात. दोन्ही खरे नाही.

एच.आय.व्ही. रक्त, वीर्य, योनीतील स्राव आणि आईचे दूध यांतून पसरतो. थुंकी, घाम, अश्रू, लघवी यांतून नाही. एका ताटात जेवल्याने, एकच टॉवेल किंवा संडास वापरल्याने, डास चावल्याने, पोराला जवळ घेतल्याने, गालाची पापी घेतल्याने तो होत नाही. चाळीस वर्षांच्या अनुभवावर हे पक्के ठरलेले आहे.

ज्याला लागण आहे आणि जो औषध घेत नाही, अशा माणसाशी निरोधाशिवाय संबंध आला तर काय? शास्त्रज्ञांनी अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा, की नेहमीच्या स्त्री-पुरुष संबंधात दर दहा हजार वेळांमागे स्त्रीला सुमारे ८ वेळा लागण होते, आणि पुरुषाला सुमारे ४ वेळा. म्हणजे बाईला धोका पुरुषाच्या दुप्पट. गुदमार्गाने संबंध आला तर तो घेणाऱ्याला धोका कितीतरी वाढतो. दर दहा हजारांमागे सुमारे १३८. मुखसंबंधात तो फारच कमी. त्यात पुन्हा समोरच्या व्यक्तीला लागण असेलच असे नाही. आपल्या देशात मोठ्या माणसांत दर हजारी सुमारे दोघांना एच.आय.व्ही. आहे. वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण जास्त आहे, पण म्हणून प्रत्येकीला लागण असते असे मुळीच नाही.

आकडे लहान वाटतात ना? शेजारणीलाही वाटले. तिच्या चेहऱ्यावर थोडी धुगधुगी आली. पण समुपदेशक बाई लगेच म्हणाल्या, “हा आकडा एका वेळेचा आहे हो. नवरा-बायकोचा संसार एका वेळेचा नसतो.” किती नेमके बोलल्या! नवऱ्याला लागण झाली आणि ती कोणालाच ठाऊक नसली, तर बायको वर्षानुवर्षे तोच धोका पुन्हा पुन्हा घेत राहते.

शिवाय हा आकडा प्रत्येक वेळी सारखा नसतो. नुकतीच लागण झालेली असते तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत माणसाच्या रक्तात विषाणू प्रचंड असतात, आणि नेमके तेव्हा कोणालाच काही कळलेले नसते. दोघांपैकी कोणाला गुप्तरोग असेल, जखम, फोड, स्राव असेल, तर धोका आणखी वाढतो. म्हणून यजमानांची जळजळ ही साधी उष्णता नव्हती. सरकारी दवाखान्यांत अशा रोगांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असते. तिथे दोघांनाही तपासले आणि दोघांनाही एकाच वेळी औषध दिले. नवऱ्याला औषध आणि बायकोला काहीच नाही, असे केले तर तो रोग दोघांत फिरत राहतो. बायकांमध्ये तर पुष्कळदा त्याचे काही लक्षणच दिसत नाही. अंगावर काढायची आपली सवय इथे फार महागात पडते.

‘गरतीला कुठून होणार?’

ही समजूत अजून गेलेली नाही. तिची कहाणी जरा मागून सांगते.

हा रोग जगाच्या नजरेस आला १९८१ साली, अमेरिकेत. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याचा विषाणू सापडला. शोधणाऱ्यांत फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी ही स्त्री होती. २००८ साली तिला त्यासाठी नोबेल मिळाले. “आपल्याकडे नाही असलं काही,” असे भारतात सगळे म्हणत होते. तेव्हा मद्रास मेडिकल कॉलेजातल्या डॉ. सुनीती सॉलोमन यांनी आपल्या निर्मला नावाच्या विद्यार्थिनीला रक्ताचे नमुने गोळा करायला सांगितले. या सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. आणि निर्मला लहान मुलांची आई. तिने नमुने ठेवले कुठे, तर घरच्या फ्रिजमध्ये! १९८६ साली त्यांतले सहा नमुने दूषित निघाले आणि भारतात एच.आय.व्ही. आला आहे हे देशाला मान्य करावे लागले. ते रक्त शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे होते. त्यामुळे लोकांनी निष्कर्ष काढला, की हा ‘तसल्या’ बायकांचा रोग.

तो निष्कर्ष किती खोटा होता हे पुण्याने दाखवून दिले. कोरोनाच्या काळात टीव्हीवर दिसणारे डॉ. रमण गंगाखेडकर आठवतात ना? ते आणि त्यांचे सहकारी १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांची तपासणी करत होते. त्यांत ३९१ स्त्रिया वेश्याव्यवसायातल्या नव्हत्या. बहुसंख्य साध्या संसारी, नवऱ्याखेरीज दुसरा पुरुष ठाऊक नसलेल्या. त्यांच्यातल्या १३.६ टक्के स्त्रियांना एच.आय.व्ही. होता. दवाखान्यात आलेल्या, म्हणजे आधीच काही त्रास असलेल्या या स्त्रिया. सगळ्या पुण्याचे हे प्रमाण नव्हे. पण १९९७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा त्याने एक गोष्ट स्पष्ट केली. यातल्या बहुतेकींचा ‘गुन्हा’ एकच, तो म्हणजे लग्न. मंगळसूत्र हे एच.आय.व्ही.वरचे कवच नाही.

तपासणी कधी करायची?

त्या दिवशी दोघांचे रक्त घेतले. तासाभरात निकाल आला : दोघेही निर्दोष. यजमानांनी तिथेच हात जोडले आणि “सुटलो बाई!” म्हणाले. समुपदेशक बाईंनी त्यांना पुन्हा खाली बसवले.

निकाल खरा होता, पण तो जुन्या काळाचा होता. आधीपासून लागण नव्हती एवढेच त्यातून कळले. सोळा-सतरा दिवसांपूर्वीच्या रात्रीबद्दल त्याने काहीच सांगितले नव्हते.

मी शेजारणीला घरी आल्यावर माझ्या भाषेत समजावले. दुधाला विरजण लावून तासाभराने झाकण काढलेस तर काय दिसेल? दूधच. म्हणून विरजण लागलेच नाही असे म्हणशील का? तसेच हे. विषाणू अंगात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध लढणारे घटक तयार करते, आणि साधी तपासणी ते घटक शोधते. ते दिसण्याइतके तयार व्हायला बहुतेकांना तीन आठवडे ते तीन महिने लागतात. मोठ्या प्रयोगशाळेतली काही रक्ततपासणी सहा-सात आठवड्यांतच भरवशाचे उत्तर देते. बोटाला टोचून केलेल्या तपासणीसाठी पूर्ण तीन महिने थांबावे. या मधल्या काळात निकाल निर्दोष येऊ शकतो आणि तरीही माणसाकडून दुसऱ्याला लागण होऊ शकते.

म्हणून तिला तीन तारखा लिहून दिल्या : आज, सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी. ते तीन महिने मोजायचे शेवटच्या असुरक्षित संबंधापासून. तोवर संबंध नकोच, आणि आला तर दर वेळी निरोध.

ताप आला, घसा बसला, अंगावर पुरळ उठले की “झालंच” असे धरून चालू नका. लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत काहींना फ्लूसारखा ताप येतो खरा, पण कित्येकांना काहीच होत नाही. आणि साधा फ्लू तर सगळ्यांनाच होतो. औषध न घेताही माणूस आठ-दहा वर्षे धडधाकट दिसू शकतो. तेव्हा नवऱ्याच्या चेहऱ्याकडे किंवा स्वतःच्या वजनाकडे पाहून निदान होत नाही, ते रक्त तपासूनच होते. एका तपासणीत दोष निघाला तरी तो शेवटचा शब्द नसतो. वेगवेगळ्या तीन तपासण्या जुळल्यावरच लागण आहे असे सांगतात.

आणि हो, तपासणी फुकट होते म्हणून रक्तदान करायला जाऊ नका. त्या मधल्या काळातले रक्त कोणा निरपराध रोग्याला चढले तर? शंका असेल तर रक्तदान नाहीच.

नवऱ्याशी कसे बोलायचे?

“ताई, रक्त काढायला काही वाटलं नाही. पण निरोध आणा म्हणून ह्यांना सांगायचं म्हणजे...” शेजारणीचे हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. ज्या माणसाने एवढे केले, त्याच्यापुढे मान खाली घालायची वेळ कोणावर यावी? हिच्यावर! कारण आपल्याला तसेच वाढवले आहे.

मी तिला म्हटले, “तू भांडू नकोस, मागूही नकोस. तारखांचा कागद पुढे ठेव. डॉक्टरांनी सांगितलंय म्हण.” तिने तसेच केले. यजमानांनी निरोध आणला. त्याला काही बहादुरी म्हणत नाही मी, पण त्यांनी आणला.

सगळ्यांचेच यजमान असे ऐकणार नाहीत हे मला ठाऊक आहे. “माझ्यावर संशय घेतेस?” असे म्हणून हात उगारणारेही आहेत. अशा वेळी एकटीने वाद घालू नका. केंद्रातल्या समुपदेशकांना आधी विश्वासात घ्या. दोघांना एकत्र बसवून बोलायचे काम त्यांना चांगले जमते. घरातून बोलायची सोय नसेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा क्रमांक आहे, फुकट लागतो आणि नाव सांगावे लागत नाही. मारहाण होत असेल तर महिलांसाठी १८१ आहे.

कायदाही आपल्या बाजूने आहे. एच.आय.व्ही.बाबतचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. तुमच्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही, निकाल गुप्त ठेवावा लागतो, आणि लागण झाली म्हणून नोकरीवरून, शाळेतून, दवाखान्यातून कोणाला हाकलता येत नाही. लागण झालेल्या स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क या कायद्याने दिला आहे. नवऱ्याच्या पाठोपाठ सुनेलाही घराबाहेर काढणाऱ्या सासरांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि झालाच असेल तर?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. सहा आठवड्यांच्या तपासणीला मी पुन्हा तिच्याबरोबर गेले होते. बाकावर शेजारी पन्नाशीच्या आसपासची एक बाई बसली होती. औषध न्यायला आली होती. शेजारणीचा पांढरा पडलेला चेहरा पाहून तिने आपणहून विचारले, “पहिल्यांदा आलीस का गं?” आणि मग जसे काही गुडघेदुखीचे सांगावे तसे स्वतःचे सांगितले. नवरा ट्रकवर होता. हिला दिवस गेले तेव्हाच्या तपासणीत हिचे कळले, मग त्याचे. तो गेला. हिने औषध धरून ठेवले. मुलीला लागण नाही; ती आता कॉलेजात जाते. “रोजची एक गोळी आहे बाई. शुगरवाल्याला नाही का घ्यावी लागत?” असे म्हणून तिने पिशवी उचलली आणि बस गाठायला गेली.

ती बोलली त्यात बढाई नव्हती. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एच.आय.व्ही.चे औषध मोफत मिळते. ते रोगाला मुळापासून उपटत नाही, जन्मभर घ्यावे लागते. पण वेळेवर सुरू केले आणि चुकवले नाही, तर माणूस इतरांसारखेच आयुष्य जगतो. गरोदरपणात काहीच उपचार झाले नाहीत, तर शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना आईकडून लागण होते. नीट औषध घेतले तर पाचाहूनही कमी बाळांना. म्हणून दिवस गेल्यावर ही तपासणी कधी चुकवू नये.

आणि सर्वांत मोठी गोष्ट. ज्याच्या रक्तातला विषाणू औषधाने इतका दबला आहे की तपासणीत सापडतच नाही, आणि जो औषध चालू ठेवतो, त्याच्याकडून जोडीदाराला संबंधातून लागण होत नाही. २०११ साली नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासातून औषधाचा हा गुण पुढे आला. त्या जोडप्यांमध्ये एकाला लागण होती, दुसऱ्याला नव्हती. आणि त्यांत आपल्या पुण्याची आणि चेन्नईची जोडपी होती. पुढच्या अभ्यासांनी तो पक्का केला. म्हणजे औषध घेणारा नवरा बायकोला धोकादायक नाही. ज्याने कधी तपासूनच घेतले नाही, त्याच्यापासून खरा धोका.

शेजारणीची तीन महिन्यांची तपासणी मागच्या महिन्यात झाली. दोघेही निर्दोष आहेत. निकाल घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा मला वाटले होते, हसत येईल. ती शांत होती. “रक्ताचं मिटलं, ताई. बाकीचं मिटायला अजून वेळ आहे,” म्हणाली. त्या बाकीच्याला कोणती तपासणी नाही आणि ठरलेल्या तारखाही नाहीत. ते त्या दोघांनाच निस्तरायचे आहे. पण ती आता जो काही निर्णय घेईल तो भीतीपोटी घेणार नाही, एवढे मला दिसले.

हे कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा

* धोक्याचा संबंध आला, निरोध फाटला, जबरदस्ती झाली : त्याच दिवशी डॉक्टर. जास्तीत जास्त बहात्तर तास. औषध सुरू झाले तर पूर्ण अठ्ठावीस दिवस.
* आतून धुणे, घरगुती उपाय, मेडिकलवाल्याच्या गोळ्या : नको.
* तपासणी : लगेच, सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी. तोवर निरोध आणि रक्तदान बंद.
* जळजळ, फोड, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे : ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये दोघांनी मिळून जाणे. गुप्तरोग आणि काविळीच्या ‘बी’ प्रकाराच्या तपासणीबद्दलही तिथेच विचारा.
* दिवस गेले असण्याची शंका असेल तर तेही डॉक्टरांना त्याच वेळी सांगा.
* एच.आय.व्ही. तपासणी आणि सल्ला : सरकारी दवाखान्यातले आय.सी.टी.सी. मोफत आणि गुप्त. फोन १०९७.

तुमच्याकडेही एखादी शेजारीण रिकामी वाटी घेऊन येईल. तिला आधी रडू द्या. पण फार वेळ नको. मग पाणी द्या, कॅलेंडर काढा आणि तिच्याबरोबर बसून दिवस मोजा.